मीर सुलतान खान यांची स्पर्धात्मक कारकीर्द (१९२८ ते १९३५) : 'उपजत प्रतिभा' या स्पष्टीकरणाचा पुनर्विचार

प्रस्तावना

बुद्धिबळ हा खेळ भारतातून इराणमार्गे अरब जगतात आणि तेथून युरोपात गेला, हे सर्वश्रुत आहे. मात्र युरोपात बदललेल्या नियमांसह हा खेळ पुन्हा भारतात आला, तेव्हा भारतीय खेळाडूंना तो नव्याने शिकावा लागला, या बाबीकडे फारसे लक्ष दिले जात नाही. या पुनर्शिक्षणाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे मीर सुलतान खान होत. १९२८ मध्ये अखिल भारतीय विजेतेपद, त्यानंतर १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश विजेतेपदे, माजी जगज्जेते कापाब्लांका यांच्यावर विजय आणि त्यानंतर स्पर्धात्मक खेळातून जवळजवळ संपूर्ण निवृत्ती, असा त्यांच्या कारकिर्दीचा आलेख आहे.

या आलेखाचे स्पष्टीकरण बहुधा एकाच पद्धतीने दिले जाते. पंजाबच्या खेड्यातील एक अशिक्षित सेवक धन्याबरोबर विलायतेस जातो, पुस्तकी ज्ञान नसताना केवळ उपजत बुद्धीच्या बळावर युरोपातील मातब्बरांना हरवतो आणि जसा आला तसा नाहीसा होतो, अशी ही कथा आहे. ती मनोरंजक आहे व वरवर पाहता गौरवाचीही वाटते. परंतु तिच्यामुळे सुलतान खान यांनी घेतलेले परिश्रम दृष्टिआड होतात. त्यांची कारकीर्द का थांबली, या प्रश्नाचे उत्तरही या कथेतून मिळत नाही. प्रस्तुत लेखात त्यांच्या स्पर्धांतील कामगिरीच्या आधारे या स्पष्टीकरणाची तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी आणि आश्रयदाते

सुलतान खान यांचा जन्म तत्कालीन ब्रिटिश पंजाबमधील मिठा टिवाणा या गावी झाला. हे गाव आज पाकिस्तानात आहे. जन्मवर्ष काही ठिकाणी १९०३, तर काही ठिकाणी १९०५ असे दिले जाते. वयाच्या नवव्या वर्षी वडिलांकडून त्यांनी बुद्धिबळाचे धडे घेतले. हे धडे अर्थातच देशी पद्धतीचे होते. विशीच्या आरंभीच पंजाबातील अग्रगण्य खेळाडू म्हणून त्यांची ख्याती झाली.

याच सुमारास मोठे जमीनदार सर उमर हयात खान यांचे त्यांच्याकडे लक्ष गेले. सर उमर हयात खान हे ब्रिटिश राजवटीशी निकटचे संबंध असलेले गृहस्थ होते व लंडनमधील इंडिया कौन्सिलचे सदस्यही होते. त्यांनी सुलतान खान यांना आश्रय दिला आणि विलायती पद्धतीचे बुद्धिबळ शिकण्याची सोय करून दिली. १९२८ साली दिल्ली येथे झालेल्या अखिल भारतीय स्पर्धेत सुलतान खान यांनी नऊ डावांत आठ विजय व एक बरोबरी, म्हणजे साडेआठ गुण मिळवून विजेतेपद पटकावले.

सुलतान खान यांच्या सामाजिक स्थानाबद्दल मतभेद आहेत. पाश्चात्त्य लेखनात त्यांचा उल्लेख 'सेवक' किंवा 'नोकर' असा वारंवार येतो. अलीकडच्या काळात त्यांच्या कुटुंबीयांनी हे चित्र ठामपणे नाकारले आहे. त्यांचे घराणे जमीनजुमला असलेले व धार्मिक प्रतिष्ठा लाभलेले होते आणि ते निरक्षर नव्हते, असे कुटुंबीयांचे प्रतिपादन आहे. या वादात कोणतीही बाजू घेतली तरी एक गोष्ट कायम राहते. इंग्लंडला केव्हा जायचे, तेथे किती काळ राहायचे आणि केव्हा परतायचे, हे सुलतान खान यांच्या हातात नव्हते. त्यांच्या कारकिर्दीचा आरंभ आणि शेवट आश्रयदात्याच्या प्रवासाशी जोडलेला होता.

देशी पद्धत आणि विलायती पद्धत

सुलतान खान यांच्यापुढील आव्हान समजण्यासाठी दोन्ही पद्धतींतील फरक ध्यानात घेणे आवश्यक आहे. देशी पद्धतीचे नियम प्रांतोप्रांती वेगळे असत. तथापि काही बाबी सर्वसाधारणपणे आढळत. विलायती पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीत दोन घरे चालू शकते. देशी पद्धतीत ते सामान्यतः एकच घर चाले. विलायती पद्धतीत राजाला हत्तीच्या साहाय्याने एका खेळीत सुरक्षित जागी नेणारा किल्लेकोट आहे. देशी पद्धतीत तो त्या रूपात नव्हता. त्याऐवजी शह बसण्यापूर्वी राजाला एकदा घोड्याप्रमाणे उडी घेण्याची मुभा अनेक ठिकाणी असे. प्यादे शेवटच्या घरात पोहोचल्यावर विलायती पद्धतीत खेळाडू वजीर, हत्ती, उंट वा घोडा यांपैकी इच्छेनुसार निवड करतो. देशी पद्धतीत ते ज्या मोहऱ्याच्या घरात पोहोचेल तोच मोहरा बहुधा मिळत असे.

हे फरक वरकरणी किरकोळ वाटतात, परंतु त्यांचे परिणाम दूरगामी आहेत. प्यादे एकेक घर चालत असल्यामुळे देशी पद्धतीत दोन्ही सैन्यांची गाठ उशिरा पडते. सुरुवातीच्या दहा-बारा खेळींत मोठी चूक होण्याचा संभव कमी असतो. खरी कसोटी डावाच्या मध्यात आणि अखेरीस लागते. याउलट विलायती पद्धतीत पहिल्या काही खेळींतच संघर्ष पेटतो. त्यामुळे सुरुवातीच्या खेळींचे एक स्वतंत्र शास्त्र युरोपात निर्माण झाले व त्यावर विपुल ग्रंथरचना झाली.

या दोन पद्धतींमधील दरी भारतीयांना ठाऊक नव्हती असे नाही. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा विलायती पद्धतीला अनुसरून बुद्धिबळातील रचना सांगणारा ग्रंथ १८१४ मध्येच मुंबईत इंग्रजी भाषांतराच्या रूपाने प्रसिद्ध झाला होता. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक ठिकाणी देशी पद्धतच प्रचलित राहिली. या परिस्थितीत वयाच्या विशीनंतर नवी पद्धत आत्मसात करून युरोपात खेळण्यास जाणे म्हणजे एका भाषेत वाढलेल्या लेखकाने प्रौढपणी दुसऱ्या भाषेत लेखन करण्यासारखे होते. व्याकरण लवकर शिकता येते, परंतु वाङ्मयाचा परिचय होण्यास काळ जावा लागतो.

१९२९ : अपयश, सराव आणि यश

१९२९ च्या वसंत ऋतूत सुलतान खान सर उमर हयात खान यांच्यासह लंडनला पोहोचले. त्यांच्या सरावासाठी तेथे एक छोटी स्पर्धा आयोजित करण्यात आली. तीत ते शेवटच्या स्थानावर राहिले. ते स्थानही त्यांनी दुसऱ्या एका खेळाडूसह विभागून घेतले. विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स हे दोघे त्यांच्या पुढे होते. सुरुवातीच्या खेळींचे अपुरे ज्ञान हे या अपयशाचे प्रमुख कारण होते.

'उपजत प्रतिभा' या स्पष्टीकरणात या स्पर्धेला फारसे स्थान मिळत नाही. वस्तुतः संपूर्ण कारकीर्द समजून घेण्याच्या दृष्टीने हीच स्पर्धा सर्वाधिक महत्त्वाची आहे. केवळ उपजत बुद्धी पुरेशी असती, तर ती या स्पर्धेतही पुरेशी ठरली असती. ती ठरली नाही. त्यानंतर विंटर आणि येट्स या दोघांनी सुलतान खान यांच्याबरोबर सराव केला व त्यांना ब्रिटिश विजेतेपदाच्या स्पर्धेसाठी तयार केले. १९२८ चे ब्रिटिश विजेतेपद येट्स यांच्याकडेच होते, ही बाब या ठिकाणी नोंदविण्यासारखी आहे. त्याच वर्षी रॅम्सगेट येथे झालेल्या ब्रिटिश स्पर्धेत सुलतान खान यांनी विजेतेपद मिळविले. शेवटचे स्थान आणि राष्ट्रीय विजेतेपद यांच्यामध्ये केवळ काही महिन्यांचे अंतर होते. या महिन्यांत घडले ते शिक्षण होते. शिकविणारे उत्तम होते आणि शिकणारा असामान्य वेगाने ग्रहण करणारा होता, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

१९३० ते १९३३ : कामगिरीचा आढावा

१९२९ च्या नोव्हेंबरमध्ये सुलतान खान भारतात परतले आणि १९३० च्या मे महिन्यात पुन्हा युरोपात दाखल झाले. पुढील साडेतीन वर्षे हा त्यांच्या कारकिर्दीचा मुख्य कालखंड होय.

१९३० मध्ये लीएज येथील स्पर्धेत ते टार्टाकोवर यांच्या मागोमाग दुसऱ्या स्थानावर राहिले. त्यानंतर झालेल्या १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांना तिसरे स्थान मिळाले. त्यांच्या पुढे मॅक्स युवे आणि कापाब्लांका हे दोघेच होते. यांपैकी कापाब्लांका १९२१ ते १९२७ या काळात जगज्जेते होते, तर युवे १९३५ मध्ये जगज्जेते झाले. १९३१ मध्ये टार्टाकोवर यांच्याशी झालेल्या बारा डावांच्या सामन्यात सुलतान खान यांनी चार डाव जिंकले, तीन गमावले व पाच बरोबरीत सोडविले. लीएजमध्ये जे पुढे होते, त्यांच्यावरच त्यांनी अशा रीतीने मात केली. १९३२ मध्ये फ्लोर यांच्याशी झालेला सहा डावांचा सामना मात्र त्यांनी एका गुणाने गमावला. त्याच वर्षी लंडन येथील स्पर्धेत अलेखिन व फ्लोर यांच्या पाठोपाठ तिसरे स्थान त्यांनी कॅशडन यांच्यासह विभागून घेतले. ब्रिटिश विजेतेपदाच्या स्पर्धेत ते एकूण चार वेळा सहभागी झाले व त्यांपैकी तीन वेळा विजयी ठरले.

ऑलिंपियाड स्पर्धांत इंग्लंडच्या संघातून त्यांनी तीन वेळा पहिल्या पटावर खेळ केला. पहिल्या पटावर प्रत्येक देशाचा सर्वोत्तम खेळाडू समोर येत असल्याने येथील गुणांना विशेष महत्त्व आहे. हॅम्बुर्ग (१९३०) येथे ९ विजय, ४ बरोबरी व ४ पराभव. प्राग (१९३१) येथे ८ विजय, ७ बरोबरी व २ पराभव. फोकस्टन (१९३३) येथे ४ विजय, ६ बरोबरी व ४ पराभव, अशी त्यांची कामगिरी आहे. एकूण ४८ डावांत २१ विजय, १७ बरोबरी आणि १० पराभव, म्हणजे साडेएकोणतीस गुण होतात. प्राग येथे त्यांनी फ्लोर आणि रुबिनस्टाइन यांना हरविले व तत्कालीन जगज्जेते अलेखिन यांना बरोबरीत रोखले.

या आकड्यांतून दोन गोष्टी दिसून येतात. पहिली, १९३० पेक्षा १९३१ मध्ये पराभवांची संख्या निम्म्यावर आली. अनुभवाबरोबर खेळात स्थैर्य आले. दुसरी, १९३३ मध्ये फोकस्टन येथील कामगिरी लक्षणीयरीत्या उतरली, जरी त्याच वर्षी त्यांनी ब्रिटिश विजेतेपद राखले. या उतरणीचा विचार पुढे केला आहे.

कापाब्लांका यांच्याविरुद्धचा डाव

हेस्टिंग्ज येथील कापाब्लांका यांच्याविरुद्धचा विजय हा सुलतान खान यांचा सर्वाधिक प्रसिद्ध डाव होय. या डावात सुलतान खान यांच्याकडे पांढरी मोहरी होती. पाचव्या खेळीत त्यांनी वजिराच्या बाजूचे हत्तीसमोरील प्यादे एकच घर पुढे सरकविले. त्या काळच्या युरोपीय दृष्टीला ही खेळी संथ वाटण्याजोगी होती. परंतु या प्रकारच्या रचनेत हेच प्यादे एक घर सरकविण्याची पद्धत पुढे जगज्जेते पेट्रोस्यान यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली व आजही ती प्रतिष्ठित मानली जाते. संपूर्ण डावात सुलतान खान यांनी किल्लेकोट केला नाही. कापाब्लांका यांनी आपले दोन्ही हत्ती देऊन त्यांचा वजीर घेतला. यानंतर सुलतान खान यांनी बंदिस्त पटावर आपल्या दोन हत्तींचे बळ सावकाश वाढवत नेले आणि पासष्टाव्या खेळीअखेर डाव जिंकला.

एकेक घर चालणारे प्यादे, किल्लेकोटावाचून खेळणारा राजा आणि दीर्घ डावातील सबुरी या तिन्ही गोष्टी देशी पद्धतीत वाढलेल्या खेळाडूच्या अंगवळणी पडलेल्या असतात. म्हणून हा विजय अज्ञानावर प्रतिभेने केलेली मात नव्हता, असे म्हणता येईल. एका परंपरेत मिळविलेले ज्ञान दुसऱ्या परंपरेत यशस्वीपणे वापरल्याचे ते उदाहरण होते. युरोपीय निरीक्षकांजवळ या पहिल्या परंपरेची ओळख नसल्यामुळे त्यांना तेथे ज्ञान दिसले नाही. केवळ नैसर्गिक देणगी दिसली. खुद्द कापाब्लांका यांनीही पुढे सुलतान खान यांच्याविषयी 'जीनियस' हाच शब्द योजला.

एकाच घरातील दुसरे विजेतेपद

या मुद्द्याला पुष्टी देणारी आणखी एक घटना आहे. १९३३ मध्ये ब्रिटिश महिला विजेतेपद सर उमर हयात खान यांच्याच परिवारातील फातिमा नावाच्या तरुणीने मिळविले. दहा विजय व एक बरोबरी अशी तिची अपराजित कामगिरी होती आणि दुसऱ्या क्रमांकापेक्षा ती तीन गुणांनी पुढे होती. एका घरातून एकाच वर्षी पुरुष व महिला अशी दोन्ही ब्रिटिश विजेतेपदे मिळावीत, हा केवळ निसर्गाच्या देणगीचा योगायोग मानणे कठीण आहे. त्या घरात बुद्धिबळाचा नियमित अभ्यास व सराव चालत असला पाहिजे, असा निष्कर्ष काढणे अधिक सयुक्तिक ठरते. फातिमा यांच्या पुढील आयुष्यासंबंधी बुद्धिबळाच्या इतिहासात जवळजवळ काहीच आढळत नाही.

मर्यादा : प्रकृती आणि पराधीनता

इंग्लंडची थंड व दमट हवा सुलतान खान यांना मानवली नाही. हिवताप, सर्दी आणि घशाचे विकार यांनी ते वारंवार बेजार होत. गळ्याभोवती पट्ट्या गुंडाळून ते डावास बसत, अशा आठवणी नोंदविल्या गेल्या आहेत. १९३३ मधील ऑलिंपियाडमध्ये दिसणारी उतरण या पार्श्वभूमीवर पाहणे आवश्यक आहे.

दुसरी मर्यादा सामाजिक स्वरूपाची होती. अमेरिकन खेळाडू रूबेन फाइन यांनी लिहिलेली एक आठवण प्रसिद्ध आहे. १९३३ मध्ये सर उमर हयात खान यांनी अमेरिकन संघाला आपल्या निवासस्थानी भोजनास निमंत्रित केले, तेव्हा ज्यांच्याशी पटावर सामना करावयाचा तेच सुलतान खान पंगतीत वाढप्याचे काम करीत असल्याचे पाहून पाहुणे संकोचून गेले, असे फाइन सांगतात. या प्रसंगाचा अर्थ कसा लावावा, यावर मतभेद होऊ शकतात. घरी आलेल्या पाहुण्यास स्वतःच्या हाताने वाढणे ही भारतीय उपखंडातील आदरातिथ्याची रीत आहे. केवळ वाढण्यावरून नोकरीचे नाते सिद्ध होत नाही. तथापि विजेता पंगतीत बसलेला नव्हता, एवढे या आठवणीतून निश्चित दिसते.

१९३३ च्या डिसेंबरमध्ये सर उमर हयात खान भारतात परतले व त्यांच्याबरोबर सुलतान खान यांचीही युरोपीय कारकीर्द संपुष्टात आली. त्यांनी खेळ गमावला म्हणून ती संपली नाही. परतले त्या वर्षी ते ब्रिटिश विजेते होते.

परतल्यानंतरचा काळ

भारतात परतल्यावर १९३५ मध्ये सुलतान खान यांनी व्ही. के. खाडिलकर यांच्याशी दहा डावांचा सामना खेळला. नऊ डाव त्यांनी जिंकले व एक बरोबरीत सुटला. यावरून त्यांची खेळाची ताकद शाबूत होती, हे स्पष्ट होते. परंतु देशात त्यांच्या तोडीचे प्रतिस्पर्धी नव्हते, नियमित स्पर्धांची व्यवस्था नव्हती व देशव्यापी संघटनाही नव्हती. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ १९५१ मध्ये अस्तित्वात आला आणि त्याच्या वतीने पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये एलुरू येथे झाली. तीत रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या हे संयुक्त विजेते ठरले. तोपर्यंत फाळणी होऊन सुलतान खान पाकिस्तानचे नागरिक झाले होते. सरगोधा परिसरात शेतीवाडी पाहत त्यांनी उर्वरित आयुष्य व्यतीत केले. आपल्या मुलांना त्यांनी बुद्धिबळाचे शिक्षण दिले नाही. आयुष्यात अधिक उपयोगाचे काही करावे, असा त्यांचा मुलांना उपदेश असे. २५ एप्रिल १९६६ रोजी क्षयरोगाने त्यांचे निधन झाले.

१९५० मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, ग्रँडमास्टर हा किताब अधिकृतपणे देण्यास प्रारंभ केला. पहिल्या यादीत टार्टाकोवर, फ्लोर आणि रुबिनस्टाइन यांचा समावेश होता. यांपैकी रुबिनस्टाइन यांनी कित्येक वर्षांपूर्वीच स्पर्धात्मक खेळ सोडला होता; तरी त्यांच्या पूर्वकर्तृत्वाचा विचार झाला. या तिघांनाही पटावर हरविणाऱ्या सुलतान खान यांचे नाव मात्र यादीत नव्हते. ही त्रुटी दूर होण्यास चौऱ्याहत्तर वर्षे लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये फिडेने त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर हा किताब बहाल केला. या किताबाने ते पाकिस्तानचे पहिले ग्रँडमास्टर ठरले.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. सुलतान खान यांचे यश केवळ उपजत प्रतिभेने स्पष्ट होत नाही. १९२९ च्या सराव स्पर्धेतील अपयश, त्यानंतरचे शिक्षण व पुढील वर्षांतील स्थैर्य यांवरून अभ्यासाचे स्थान स्पष्टपणे दिसून येते.

२. देशी पद्धतीच्या संस्कारामुळे सुरुवातीच्या खेळींत त्यांची बाजू दुबळी राहिली. परंतु डावाच्या मध्यात व अखेरीस त्याच संस्काराने त्यांना बळ दिले.

३. त्यांची कारकीर्द खेळातील ऱ्हासामुळे थांबली नाही. प्रकृती, आश्रयदात्यावरील अवलंबित्व आणि मायदेशातील संघटित स्पर्धांचा अभाव ही तिची कारणे होत.

४. 'उपजत' हे विशेषण गौरवाचे भासले, तरी ते खेळाडूने केलेले कष्ट आणि ज्या परंपरेत तो घडला ती परंपरा या दोहोंचे श्रेय नाकारते.

समारोप

विश्वनाथन आनंद १९८८ मध्ये भारताचे पहिले ग्रँडमास्टर झाले, त्या वेळी त्यांच्या पाठीशी महासंघ, राष्ट्रीय स्पर्धा, मार्गदर्शक व परदेशी स्पर्धांत स्वतंत्रपणे भाग घेण्याची संधी होती. सुलतान खान यांना यांपैकी मार्गदर्शकांचा लाभ काही महिने झाला आणि तेवढ्या आधारावर ते राष्ट्रीय विजेते झाले. उर्वरित गोष्टी त्यांना लाभल्या नाहीत. खेळाडूच्या यशापयशाचे मूल्यमापन करताना त्याच्या बुद्धीबरोबरच त्याला उपलब्ध असलेल्या संधींचाही हिशेब मांडला पाहिजे, हे त्यांच्या अल्प परंतु तेजस्वी कारकिर्दीवरून लक्षात येते.